जमिनीची थकबाकी

मुरगूडच्या शिवारात मोजणी आली की बांधावर निम्मी भावकी जमते. कुणाच्या तरी नांगरानं दरसाल एकेक तास करत बांध कोरलेला असतो, हद्दीचा दगड उसाच्या पाल्याखाली गडप झालेला असतो, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या आज्याचा हवाला देत उभी असतात. पूर्वी भूकरमापक शंकूसाखळी ओढत यायचा. मग प्लेन टेबल आलं, मग ईटीएस मशीन. आता तो एक काठी घेऊन येतो. काठीच्या टोकाला पालथ्या वाडग्यासारखा अँटेना असतो, त्याला रोव्हर म्हणतात. काठी टेकवली, जरा थांबला, की पुढच्या खुणेकडं निघाला. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत हद्द सापडते. तावातावानं भांडणारी माणसंही या काठीपुढं नरमतात, कारण माप आभाळातून आलेलं असतं.

याच जातीचा अँटेना खालच्या काळ्या कातळात पक्का रोवला आणि पाच-दहा वर्षं हलवला नाही, तर तो निराळीच गोष्ट सांगू लागतो. ती अशी, की मुरगूड एका जागी नाही. वेदगंगा, सर पिराजीराव तलाव, कागल-निपाणीचे रस्ते, सगळं दख्खनचं पठार दरवर्षी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास ईशान्येकडं सरकतंय. साडेपाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटं. साठ वर्षं वयाचा माणूस जन्मला त्या जागेपासून त्याचं घर आज सव्वातीन मीटर पुढं गेलेलं असतं. बांधाच्या वादाला याचा उपयोग शून्य. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीत बसल्यासारखे बरोबरीनंच सरकतात.

पण ही गाडी, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा हा अवाढव्य तुकडा, ज्याला भूपट्ट म्हणतात, कुठंतरी जाऊन अडते. उत्तरेला ती हिमालयाला रेटते. पूर्वेला, अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी, तिची कड दुसऱ्या भूपट्टाखाली शिरते. जिथं एक भूपट्ट दुसऱ्याखाली असा शिरत जातो त्या पट्ट्याला सबडक्शन झोन म्हणतात. यंत्रांनी नोंद घ्यायला लागल्यापासून जगातले सर्वांत मोठे भूकंप अशाच पट्ट्यांत झालेत: १९६० साली चिलीत ९.५ तीव्रतेचा, १९६४ साली अलास्कात ९.२, २००४ साली सुमात्रा-अंदमानला ९.१ आणि २०११ साली जपानात जवळपास तेवढाच.

यातल्या २००४ च्या भूकंपाशी आपलं नातं बातमीपुरतं नाही. २६ डिसेंबर, रविवार, सकाळचे ६ वाजून २८ मिनिटं. आपल्याकडं गळीत हंगाम चालू होता, उसाच्या फडात तोडकरी पोचले असतील. त्याच वेळी सुमात्राच्या वायव्य टोकाजवळ समुद्रतळाखाली दोन भूपट्टांमधली पकड सुटली आणि सुटत सुटत ती उत्तरेकडं अंदमानपर्यंत, सुमारे १३०० किलोमीटर गेली. एवढं अंतर उसवायला आठ-दहा मिनिटं लागली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला जीपीएस अँटेना तेव्हा चालू होता. भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या दिवसांची मोजमापं ताडून पाहिली तेव्हा कळलं, की बंगळूर सेंटिमीटरभर पूर्वेकडं सरकलंय. मग मुरगूड तसंच उभं राहिलं असेल असं मानायला काही आधार नाही. पोर्ट ब्लेअर आपल्यापासून दोन हजार किलोमीटरांवर, तरी आपलं रानही त्या सकाळी काही मिलिमीटर पूर्वेला ओढलं गेलं असणार. कुणाच्या हंड्यातलं पाणीसुद्धा हललं नाही.

हा मिलिमीटर मोजायचा कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरांवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं, आणि प्रत्येक जण सतत सांगत असतो की मी आत्ता अमुक जागी आहे आणि अमुक वेळ झाली आहे. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. निदान चार उपग्रहांपासूनची अंतरं कळली की आपली जागा कळते. मोबाइल एवढंच करतो, आणि त्यात दोन-चार मीटरची चूक राहते. भूकंपाचा अभ्यास करणारी यंत्रं संदेशावर थांबत नाहीत. संदेश ज्या रेडिओलहरीवर स्वार होऊन येतो ती लहरच ती मोजतात. त्या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. एका लहरीचा शंभरावा भाग ओळखता आला की दोन मिलिमीटरचं माप हाती येतं.

अडचणी मात्र वाटेत पुष्कळ. वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर, म्हणजे आयनोस्फिअर, लहरींना उशीर लावतो. सूर्य तापला की उशीर वाढतो, रात्री कमी होतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे, तिथं रडार लावून या उंचावरच्या वातावरणाचाच अभ्यास चालतो. उपग्रह दोन वेगवेगळ्या वारंवारितांवर लहरी पाठवतात. आयनोस्फिअर दोन्हींना सारखा उशीर करत नाही, म्हणून दोन्हींच्या फरकातून तो उशीर वजा करता येतो. खालच्या हवेतली पावसाळी वाफ त्याहून चिवट, ती अशी वजा होत नाही. म्हणून चोवीस तासांच्या नोंदी एकत्र करून दिवसाची एक जागा काढतात. अशा शेकडो दिवसांचे ठिपके मांडले की त्यांतून सरळ रेष उमटते, आणि तिचा चढ म्हणजे जमिनीचा वेग.

अँटेनाचा खांब कुठं रोवायचा यालाही शेतकऱ्याची नजर लागते. वेदगंगेच्या काठच्या काळ्या रानात तो रोवला तर पावसाळ्यात माती फुगेल, उन्हाळ्यात भेगा पडतील, आणि भूपट्टाऐवजी मातीचीच हालचाल मोजली जाईल. खाली कातळ लागेपर्यंत जावं लागतं. एवढं करूनही पावसाळा आपली खूण ठेवतोच. जमिनीवर साठलेल्या पाण्याचं वजन इतकं असतं की त्याखाली कवच काही मिलिमीटर दबतं आणि पाणी ओसरलं की वर येतं. ठिपक्यांच्या रेषेत ही वर्षाची उठबस स्पष्ट दिसते. मला स्वतःला या सगळ्या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता सबडक्शन झोनकडं येऊ. खालचा भूपट्ट सतत आत शिरत असतो, पण दोघांच्या मधला पृष्ठभाग घासत घासत मोकळा सरकत नाही. वरच्या तीस-चाळीस किलोमीटर खोलीपर्यंत तो बहुतेक ठिकाणी अडकलेला असतो. खालचा पट्ट आत जाताना वरच्याची कड धरून ओढतो. बुरूड जसं बांबूचं कांबीट वाकवतो तशी ही कड खाली आणि मागं वाकत जाते. कांबिटाचं टोक खाली दबतं, मागचा भाग फुगून वर येतो. हे शेकडो वर्षं चालतं. एक दिवस पकड सुटते, टोक उसळून पुढं आणि वर येतं, आणि मागं फुगलेला भाग धपकन खाली बसतो. टोकाच्या उसळीबरोबर वरचं समुद्राचं पाणी उचललं जातं. त्सुनामी येते ती इथून.

अंदमान-निकोबारात हे सगळं जमिनीवर चालून पाहता आलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेक संस्थांच्या पथकांनी भूकंपाआधी मोजलेल्या खुणा पुन्हा जाऊन मोजल्या. बेटं दीड ते साडेसहा मीटरपर्यंत नैऋत्येच्या बाजूला सरकली होती. पोर्ट ब्लेअर सुमारे तीन मीटर. म्हणजे ते मुख्य भूमीच्या, आपल्या बाजूला तेवढं जवळ आलं. कांबिटाचा हिशेबही तंतोतंत उतरला. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा टोकाकडचा, तो वर आला आणि प्रवाळाचे खडक उघडे पडून उन्हात मेले. पोर्ट ब्लेअर मागच्या फुगवट्यावरचं, ते मीटरभर खचलं. त्याच्याजवळच्या सिप्पीघाटला भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं आणि तिथंच राहिलं. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकावरचं इंदिरा पॉइंटचं दीपगृह तर जमिनीवरून पाण्यात उभं राहिलं. सिप्पीघाटच्या शेतकऱ्याचा जमिनीचा कागद जागेवर होता, फक्त रान समुद्रात गेलं होतं. बांधासाठी आयुष्य घालवणाऱ्या आपल्यासारख्या मुलखानं हे चित्र डोळ्यांपुढं आणून पाहावं.

भूकंप थांबला तरी जमीन लगेच थांबली नाही. थायलंडमधलं फुकेत त्या दिवशी २७ सेंटिमीटर सरकलं होतं. पन्नास दिवसांनी हा आकडा ३४ सेंटिमीटर झाला होता. खोलवरचा तापलेला खडक मधासारखा मंद वाहतो, तो भूकंपानं बसलेल्या ओढीला वर्षानुवर्षं प्रतिसाद देत राहतो. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या अभ्यासकांनी अंदमानातल्या जीपीएसवरून याच सावकाश सैलावण्याचा अभ्यास केला. खाली ७०-८० किलोमीटरांवरचा खडक किती घट्ट आणि किती पातळ, हे तिथं कुणालाही जाऊन बघता येत नाही. वरच्या अँटेनाच्या मंदावत जाणाऱ्या चालीवरून ते ताडता येतं.

त्या दिवशीची सगळ्यात मोठी चुकामूक मात्र वेगळीच होती. भूकंपमापक यंत्रं हादरे मोजतात. अतिप्रचंड भूकंप मिनिटांमागून मिनिटं उसवत राहतो, आणि सुरुवातीच्या हादऱ्यांवरून त्याचा आकार कमी भरतो. पॅसिफिकच्या त्सुनामी केंद्राचा पहिला अंदाज होता ८.०, तासाभरानं ८.५. खरा आकडा ९.१. तीव्रतेतला एका अंकाचा फरक म्हणजे मोकळ्या झालेल्या ऊर्जेत ३२ पटींचा फरक. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट पोचायला दोन तासांच्या आसपास वेळ होता. २००६ साली शास्त्रज्ञांनी त्या दिवसाच्या जीपीएस नोंदी पुन्हा उकरून दाखवून दिलं, की हजारो किलोमीटर दूरचे अँटेना किती सरकले एवढ्यावरून भूकंपानंतर १५ मिनिटांतच खरा आकार काढता आला असता. अँटेना हादऱ्याला फसत नाही. तो फक्त विचारतो, मी आधी कुठं होतो आणि आता कुठं आहे. त्या त्सुनामीत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. उपकरणं होती, उपग्रह होते, मोजमापंही चालू होती. ती जोडून वेळेत वाचणारी व्यवस्था तेवढी नव्हती. हे लिहितानासुद्धा जीव कळवळतो.

पुढं २००७ साली हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेत भारताचं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. अंदमान-निकोबारात तत्काळ माहिती पाठवणारं जीपीएस केंद्रांचं जाळंही उभं राहिलं. जपानकडं तर २०११ साली असे १२०० च्या वर खांब होते. तरीही ११ मार्चला तीन मिनिटांत दिलेल्या पहिल्या इशाऱ्यात भूकंप ७.९ चा धरला गेला आणि लाटांची उंची कमी सांगितली गेली, कारण इशारा तेव्हाही हादऱ्यांवरच बेतलेला होता. किनाऱ्यावरचा ओशिका इथला खांब ५.३ मीटर सरकला होता आणि १.२ मीटर खचला होता. तो हे सांगत होता, पण त्याला विचारायची रीत अजून बसली नव्हती. आता जपानात ते माप आपोआप आणि लगेच निघतं.

भूकंपानंतरच्या उपयोगाइतकाच, किंबहुना जास्त, मोलाचा उपयोग भूकंपाआधीचा. इथं आपल्या गावातल्या विकास सोसायटीचं खातं आठवावं. खालचा भूपट्ट वर्षाला ठरलेलं अंतर आत जायला बघतो. जेवढं सरकणं अडतं तेवढी बाकी वरच्या पट्टाच्या नावावर चढते. भूकंप ही वसुली. जीपीएस दरवर्षी सांगतं की किनारा किती वेगानं आत ढकलला जातोय. त्यावरून खाली किती क्षेत्र अडकलंय आणि किती जागा भूकंपाशिवायच निसटतेय, याचा नकाशा तयार होतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, जिथल्या सिॲटलला आपल्याकडची कितीतरी मुलं संगणकाच्या नोकरीत आहेत, तिथं खालचा पट्ट वर्षाला सुमारे चार सेंटिमीटर आत जातो. तिथला शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री झाला. ही तारीख कळली ती पॅसिफिकपलीकडच्या जपानी दफ्तरांवरून. हादरा न बसता आलेल्या लाटेची नोंद तिथल्या कारकुनांनी करून ठेवली होती. तेव्हापासून सव्वातीनशे वर्षं, चार सेंटिमीटरनं, तेरा मीटर.

पण सगळीच बाकी बाकी नसते, आणि हा शोधही जीपीएसनंच लावला. १९९९ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या आसपासचे सात खांब काही आठवडे उलट्या दिशेला, समुद्राकडं सरकले. काही मिलिमीटरच. भूकंपमापकांवर भूकंप म्हणून काहीच उमटलं नाही. हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ते जाहीर केलं: पकडीच्या खालच्या कडेला जमीन गुपचूप सरकली होती. मागच्या नोंदी तपासल्या तर असं साधारण दर चौदा महिन्यांनी घडत आलेलं. त्यानंतर जपान, न्यूझीलंड, मेक्सिको, सगळीकडं असले मुके भूकंप सापडले. कर्जदार मधूनच, कुणाला न सांगता, थोडा हप्ता भरून जातो. खोलवरचा हा हप्ता वरच्या अडकलेल्या भागाचं ओझं हलकं करतो की वाढवतो? बहुतेक ठिकाणी वाढवतो, म्हणून या सरकण्यांवर इतकी नजर असते.

वसुलीचा दिवस मात्र कळत नाही. २०२३ साली दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सातच्या वरच्या ९० भूकंपांच्या जीपीएस नोंदी एकत्र करून दाखवलं, की भूकंपाच्या दोन तास आधीपासून खालची घसर वाढत जाताना दिसते. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी तोच हिशेब तपासला. नोंदींत सगळीकडं सारखी मिसळलेली चूक काढून टाकली की ती वाढही नाहीशी होत होती. मिलिमीटरांच्या जगात इच्छेलाही आकार येतो, म्हणून असं तपासणं फार गरजेचं.

आपल्या दाराशी झालेल्या भूकंपाला हे साधन पुरं पडत नाही, हेही सांगायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं, ते मुरगूडपासून सरळ रेषेत १२० किलोमीटरांच्या आसपास. १९९३ साली किल्लारी. दोन्ही भूकंप भूपट्टाच्या पोटातले, कडेचे नव्हेत. कोयनेला धरणामागच्या शिवसागर जलाशयाच्या पाण्यानं आधीच ताणलेल्या भेगेला चेव आणला. पनवेलच्या संस्थेनं कोयना परिसरात आणि पठारावर जीपीएस मोजण्या केल्या आहेत, पण इथला ताण इतका संथ साठतो की वर्षाचा फरक मिलिमीटरच्याही आत राहतो आणि पावसाळ्याच्या उठबशीत बुडून जातो. अंदमानात जी गोष्ट दहा वर्षांत कळते तिला इथं कैक पिढ्यांचं मोजमाप लागेल. म्हणूनच कोयनेला शास्त्रज्ञ आभाळाकडं बघण्यापेक्षा खाली गेले. गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा उभारली. कोयनेच्या माणसाला सबडक्शन झोनचं गणित लावून धीर देणं किंवा घाबरवणं, दोन्ही चूक.

कोकण किनाऱ्याचं तसं नाही. अरबी समुद्राच्या उत्तरेला, पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्याला लागून मकरानचा सबडक्शन झोन आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे त्याच्या पूर्वेकडच्या भागात ८.१ चा भूकंप झाला. त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि इथंही माणसं दगावली. ओमानमधला आणि इराणच्या चाबहारचा अँटेना यांच्या वेगांतला फरक काढला तर अरबी पट्ट तिथं वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आत जातोय. पूर्वेकडच्या भागाचं खातं १९४५ ला मोकळं झालं असं धरलं, तरी ऐंशी वर्षांची बाकी दीड मीटरच्या पुढं गेली. पश्चिमेकडच्या भागात यंत्रांच्या काळात असा मोठा भूकंप झालेलाच नाही. तो भाग अडकून बसलाय की गुपचूप हप्ते भरतोय, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. चाबहारचा खांब एकटा तो मिटवू शकत नाही, कारण अडकलेली जागा किनाऱ्यापासून दूर, पाण्याखाली आहे आणि उपग्रहाची लहर पाण्यात शिरत नाही. जपाननं यावर तोड काढलीय. जहाजाची जागा जीपीएसनं मोजायची आणि जहाजावरून समुद्रतळावरच्या यंत्रांशी ध्वनीनं बोलायचं. २०११ साली याच रीतीनं कळलं, की ओशिका पाच मीटर सरकलं तेव्हा समुद्राचा तळ चोवीस मीटर आणि त्याहूनही जास्त सरकला होता. मकरानची पकड मोजायची तर तिच्या डोक्यावरच्या समुद्रतळावर अशीच बोलकी यंत्रं ठेवावी लागतील, आणि वर्षानुवर्षं जहाज नेऊन त्यांची मोजणी करावी लागेल.